चहाचं वजन

मारोतमामांनी एकदा चहाने भरलेला कप हळदीच्या काट्यावर ठेवला होता. दोन-दोन पोती आडवी पडतील एवढं त्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं लोखंडी ताट, आणि त्याच्या मधोमध हळद घेणाऱ्या गोविंदशेठच्या आडतीवरून आलेला तो कप. काट्याच्या पडद्यावर शंभर ग्रॅम उमटले. पोत्याचा आकडा ज्या आवाजात पुकारत त्याच आवाजात मामांनी ते पुकारलं आणि सेनगावकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला जवळ बोलावलं. त्याच्याच हळदीचं माप व्हायचं होतं. "पाव्हणे, बघा तुमच्या डोळ्यांनी. शंभर ग्रॅम. हे झालं काट्याचं वजन. आता हीच च्या मी पिलो, की माझ्या मानंवर तिचं वजन किती भरंल, ते हा काटा दाखवत न्हाई." मग त्यांनी कप उचलला आणि चहा देणाऱ्या कांताबाईच्या हाती जसाच्या तसा आडतीवर परत पाठवला. गोविंदशेठ गादीवरून हसले. न हसून करतात काय.

मारोतमामा आमच्या मोंढ्यातले मापाडी. मोंढा म्हणजे आमच्याकडचा शेतमालाचा बाजार. लिलाव झाला की हळद पोत्यांत भरली जाते, पोती काट्यावर चढतात, मापाडी आकडा पुकारतो आणि कारकून तो काटापट्टीवर लिहितो. ती कारकून मी. त्यांच्या काट्याशेजारी टेबल टाकून अकरा हंगाम बसले. मापाडी हा शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधोमध उभा राहणारा माणूस असतो. दोघांपैकी एकाचाही तो झाला, की त्याच्या आकड्याला कुणी विचारत नाही. मामांकडे पैसा नव्हता, दिसायला ते वाळक्या हळकुंडासारखे होते. त्यांच्याकडे होता तो फक्त लोकांचा भरवसा. कुरुंद्याचा शेतकरी असो की आखाडा बाळापूरचा, "मारोतरावाचा काटा हाय का?" असं विचारून गाडी लावायचा. तो भरवसा मी एका वाक्यात घालवला. म्हणून हे लिहायला बसले आहे.

पहिली भेट सांगते. नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी, नव्या माणसाने सगळ्यांना चहा पाजायचा या रीतीने मी कांताबाईला वीस कप सांगितले. सगळे प्यायले. हमाल प्यायले, साहेब प्यायले, मारोतमामांनी मात्र हात जोडले. आता, आमच्या घरच्या कपाला हात न लावणारी माणसं मी लहानपणापासून बघत आले आहे. आत्ताच घेतला, पित्त होतं, उपवास आहे, ही सगळी कारणं मला तोंडपाठ होती. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, उपवास आहे का आज?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. रागावले नाहीत. "उपास न्हाई बाई," म्हणाले. "तुमच्या मनात काय आलं ते माझ्या ध्यानात आलं. ते यावं असंच जग हाय, तुमची चूक न्हाई. तुमी एक करा. आठ दिवस माझ्यावर नजर ठेवा. मी कुणाची च्या पितो, कुणाची न्हाई, बराबर बघा. मंग काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून स्टीलचा थर्मास काढला, त्याच्या झाकणात चहा ओतला आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या प्यायले. "ही घरची. हिच्यात साखर कमीजास्त असती, दुसरं काई नसतं."

मी काय नजर ठेवायची सोडते? आठ दिवस ठेवली. त्यांनी गोविंदशेठचा चहा नाकारला, माजी सरपंचाचा नाकारला, बाजार समितीचे सभापती स्वतः कप घेऊन आले तर त्यांनाही हात जोडले. सगळ्यांचा चहा सारखाच नाकारला. नवव्या दिवशी मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर थोडी हिरमुसलेही, कारण भांडायची माझी पुरी तयारी झाली होती.

संशय घेणं हा माझा स्वभाव होताच, पण त्याला शिस्त लावली मामांनी. सकाळी आल्यावर ते आधी काट्याच्या ताटाखाली हात घालून चाचपायचे, कुणी काही अडकवून ठेवलंय का म्हणून. मग आपली दोन लोखंडी वजनं, वीस-वीस किलोची, ताटाच्या चारही कोपऱ्यांत फिरवून आकडा बघायचे. "चार कोपरे म्हणजे चार भाऊ. एकाचं मन फिरलं की सगळं घर खोटं बोलतं." काल बघितलं, परवा बघितलं, आज कशाला, असं मी एकदा म्हणाले. तर म्हणाले, "काल रात्री मी इथं न्हवतो ना बाई."

माप चालू असताना ते आकड्याकडे कमी आणि माणसांच्या पायांकडे जास्त बघायचे. व्यापाऱ्याचा माणूस बोलता बोलता ताटाच्या कडेला पाय टेकवतो. पोतं शेजारच्या थप्पीला टेकलेलं राहतं. "डोळा पायावर ठेवा. आकडा मागून येतो," हे त्यांचं नेहमीचं. आणि हा संशय फक्त व्यापाऱ्यांसाठी नव्हता. एकदा एका गरीब दिसणाऱ्या शेतकऱ्याच्या पोत्यात त्यांना हात घालताच दगड लागले. तो माणूस रडकुंडीला आला, हमालांना दया आली, मलाही आली. मामा म्हणाले, "माणूस गरीब हाय, व्हय. पण त्याचा दगड बी गरीब समजायचा का?" दगड काढायला लावले आणि मग त्याच माणसाची हळद त्यांनी इतक्या काळजीने मोजली की व्यापारी चिडला.

माझ्यावरही त्यांचा विश्वास नव्हता, हे सांगायला हवं. संध्याकाळी काटापट्टी माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. नंतर नंतर मीच त्यांना सोडायचे नाही, त्यांनी पुकारलेल्या आकड्यावर मान वर करून पडदा बघायचे. मी बघतेय हे दिसलं की त्यांची मिशी थोडी हलायची. पहिल्या पोत्याला ते 'एक' म्हणत नसत, जुन्या रीतीने 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. तो 'लाभ' शब्द ते जरा लांबवून म्हणायचे, आणि सगळा मोंढा माप सुरू झालं म्हणून समजायचा.

अकराव्या हंगामात, होळीनंतर हळद यायला लागली तेव्हा, मामांच्या पिशवीत थर्मास नव्हता. मी विचारलं. "सोडली च्या," म्हणाले. बस, एवढंच. त्याच सुमारास आमच्या हमालांच्या मोबाईलवर चहाचे निरोप फिरत होते. एका दिवशी आलं, कोरा चहा प्या, हृदयाच्या नळ्या मोकळ्या होतात. दुसऱ्या दिवशी आलं, चहा सोडा, नाहीतर हृदय बंद पडेल. दोन्हीकडे डॉक्टरचा पांढरा कोट घातलेला फोटो. मामांनी दोन्ही निरोप माझ्याकडून वाचून घेतले, आणि मग परत एकदा वाचायला लावले. "कालचा आन् आजचा एकाच काट्यावर ठेवा. एक तरी खोटा निघंलच. कोणचा, ते कोण सांगंल?" मी म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय मामा, तुम्ही तर सोडलाय." त्यांनी हमालाला पुढचं पोतं चढवायला सांगितलं. माणूस एकच निरोप दोनदा वाचायला लावतो तेव्हा काहीतरी असतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण त्या वेळी मला सुचलं नाही.

सुचलं ते भलतंच. आठ-दहा दिवसांनी बघते तर मारोतमामा गोविंदशेठच्या आडतीबाहेरच्या बाकावर बसलेले, आणि हातात कप. मला आधी वाटलं दुसरंच कुणी आहे. एक ढीग मोजून झाला की ते तिकडे जायचे, बाकावर बसायचे, कांताबाई आडतीच्या नावावर कप द्यायची, आणि दहा मिनिटं हा माणूस कप हातात धरून बसून राहायचा. मग उठून यायचा आणि 'लाभ' म्हणायचा. दिवसातून तीनदा, कधी चारदा. ज्या माणसाने अकरा हंगाम माझा एक कप घेतला नाही, तो शेठच्या बाकावर.

मी विचारलं, "मामा, सोडला होता ना चहा?"

"व्हय," म्हणाले. "सोडलाय."

"मग तिकडे काय पिऊन राहिले?"

"दाढ दुखून राहिली बाई," म्हणाले आणि जबड्याच्या डाव्या बाजूवरून हात फिरवला. "जरा शेकून घेतो गालाला."

दाढ दुखणारा माणूस गोड चहा पितो का? मला ते उत्तर इतकं खोटं वाटलं की मी हसले. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर पुन्हा नजर ठेवली. पहिल्या आठ दिवसांत निर्दोष सुटलेल्या माणसाची फाईल मी स्वतःच्या मनाने उघडली. आणि एकदा बघायचं ठरवलं की दिसायला काय तोटा. सकाळची दोन लोखंडी वजनं ते आता स्वतः उचलत नव्हते, हमालाला सांगायचे. का? स्वतःच्या हाताने खोटं करायला नको म्हणून. सावलीत उभे असून त्यांचा सदरा पाठीवर भिजलेला असायचा. का? मनात भीती असणार. आकडा पुकारताना आवाज पहिल्यासारखा मोंढाभर जायचा नाही. का? खोटा आकडा मोठ्याने कोण म्हणेल. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं.

पुरावा मात्र हाती लागत नव्हता. मग मी एक डाव केला. गोविंदशेठने घेतलेल्या मालातलं एक पोतं पलीकडच्या शेडमधल्या दुसऱ्या काट्यावर मोजून घेतलं, बावन्न किलो चारशे. त्याच्या शिवणीच्या टोकाला घरून आणलेला हिरवा दोरा बांधला, आणि ते पोतं परत त्याच मालात सरकवलं. हमालांना एवढंच सांगितलं की ते थप्पीतून चुकून बाहेर राहिलं होतं. दोऱ्याचं कुणालाच सांगितलं नाही. पोतं काट्यावर आलं. मामांनी त्याच्याकडे बघितलं, ताटाच्या कडेकडे बघितलं आणि पुकारलं, "बावन्न, चारशे." एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही. दुसऱ्या कुणाचं मन साफ झालं असतं. मला वाटलं, वस्ताद आहे, कोणतं पोतं सोडायचं ते बराबर कळतं याला.

मग तो दिवस आला. कुरुंद्याकडचे आठ-दहा शेतकरी माल घेऊन थांबले होते, ऊन चढलं होतं. एक ढीग झाला आणि मामा नेहमीसारखे बाकाकडे गेले. शेतकरी चुळबुळ करायला लागले. एक जण मला म्हणाला, "मापाडी कुठं गेले वो बाई? आमी काहून ताटकळून राहिलो?" तेवढ्यात मामा येताना दिसले, कप हातातच होता. माझ्या जिभेला काय झालं कुणास ठाऊक. कुणास ठाऊक कशाला, मला चांगलं ठाऊक आहे. दोन महिने मनात शिजत होतं ते उतू गेलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, ठेवा तो कप काट्यावर. गोविंदशेठच्या चहाचं वजन करू आज."

हमाल हसले आणि लगेच खाली बघायला लागले. शेतकऱ्यांतल्या दोघा-तिघांना तो जुना किस्सा माहीत होता, त्यांनी बाकीच्यांना खालच्या आवाजात सांगितला. मामांनी हातातल्या कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग कप माझ्या टेबलावर ठेवला. तो काठोकाठ भरलेला होता, वर साय धरली होती. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. एक पिऊन दुसरा सोबत आणला असेल, असं मी समजले.

शेतकऱ्यांनी पाच पोती दुसऱ्या काट्यावर मोजून बघायची मागणी केली. मारोतरावांच्या काट्यावर अशी मागणी आजवर कुणी केली नव्हती. ते म्हणाले, "न्या. न्यायलाच पायजे." पाचही पोती बराबर भरली. तरी दुसऱ्या दिवसापासून गाड्या लावताना 'मारोतरावाचा काटा' असं कुणी विचारेना. आणि मला, सांगायला लाज वाटते, त्या संध्याकाळी आपण काहीतरी बरोबर केलं असं वाटत होतं.

त्यानंतर मामा बाकावर गेले नाहीत. दिवसभर काट्याशी उभे. मी एकदा स्टूल पुढे केलं तर म्हणाले, "मापाडी बसला की पाय दिसत न्हाईत बाई." मधूनच काट्याच्या खांबाला धरून थांबायचे, जबडा चोळायचे, आणि परत आकडा पुकारायचे. संध्याकाळी काटापट्टी वाचून घ्यायचे, पहिल्यासारखीच. माझ्याशी बोलण्यात त्यांनी काही फरक केला नाही. त्याचाही मला संशय आला. चोरी पकडली गेल्यावर माणूस इतका साधा कसा राहतो?

सातव्या दिवशी सकाळी पहिलं पोतं चढलं. मामांनी "लाभ" म्हटलं, आकडा पुकारला, मी लिहिला. दुसरं पोतं चढलं आणि आकडा आला नाही. मी मान वर केली. ते थप्पीवर हात टेकून हळूहळू खाली बसत होते. "बाई," म्हणाले, "दाढ." तेवढंच. हमालांनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. नांदेडला पोचायच्या आधी सगळं संपलं होतं. ती काटापट्टी माझ्याकडे आहे. तिच्यावर एकच आकडा आहे.

हृदयविकार, असं नांदेडहून कळलं. मी दुपारी टेबलाशी नुसती बसून होते तेव्हा कांताबाई कप गोळा करत आली. "चांगला माणूस होता," म्हणाली. "पण बाई, माझ्या हातची च्या काई त्याहिला गोड लागली न्हाई."

मी विचारलं, "म्हणजे?"

"रोज कप भरलेला परत. एक घोट न्हाई. साय धरलेली, कपाला पिवळी बोटं उठलेली. मी ती च्या त्या लिंबाच्या बुडाला ओतायची. वाईट वाटायचं मला. एकदा इचारलं बी, काय कमी हाय सांगा. तर म्हणले, कांताबाई, तुमच्या च्यात काई कमी न्हाई, मला फक्त कप पायजे."

तिच्यासोबत जाऊन मी लिंबाचं बूड बघितलं. माती काळी पडली होती आणि मुंग्यांची रांग लागली होती. मुंग्या नसत्या तर मी कांताबाईवरही विश्वास ठेवला नसता, अशी मी बाई आहे.

पाचव्या दिवशी त्यांच्या घरी गेले, कुरुंद्याच्या रस्त्यावरच्या लहानशा गावात. जाताना वाटत होतं, दारातून हाकलतील. मामांच्या बायकोला मी आधी कधी बघितलं नव्हतं. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "तुमीच का काट्याच्या बाई?" म्हणाल्या. मी जवळ बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, की मामी, मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले, मी त्यांना शेठचा माणूस समजले.

"ठावं हाय," मामी म्हणाल्या. "घरी येऊन सांगितलं त्याहिनं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. संक्रांतीनंतर मामांना चालताना जबड्यात कळ यायला लागली. बसलं की थांबायची. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दाढ नाही, हृदय आहे, नळ्या बंद पडल्यात, ऑपरेशन करा, लवकर करा. मामा म्हणाले, हळद संपू द्या. आधी कळलं तर काट्यावरून काढतील, आणि काट्यावर दुसरं कुणी आलं की सकाळी ताटाखाली हात कोण घालणार. डॉक्टरांनी बजावलं की कळ आली की लगेच बसायचं आणि जिभेखाली गोळी धरायची. मामांनी चहाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, दिवसाला एक-दोन कप प्या, साखर कमी टाका, चहाने काही बिघडत नाही.

"तर यांना त्याचाच संशय," मामी म्हणाल्या. "बाहेर आल्यावर मला म्हणले, इतकं मोकळं सोडून राहिला डॉक्टर, म्हणजे आशा सोडली का काय यानं? आन् आपणहून च्या बंद केली. ऑपरेशनला न्हाई म्हणले, च्याला मातर घाबरले." मामींना बोलता बोलता हसू आलं आणि लगेच त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी विचारलं, "मग बाकावर कप घेऊन का बसायचे?"

"मी बी तेच म्हणलं. म्हणलं, रिकामंच बसा ना. तर म्हणले, मोंढ्यात उभ्या मापात मापाडी नुसता बसला, की धा जण इचारतात, काय झालं, काय तकलीफ हाय. हातात कप असला की माणूस काहून बसला हे कुणी इचारत न्हाई. आन् काट्याजवळ सावलीचा बाक तेवढा शेठचाच."

"मला सांगायचं होतं. मला एकटीला सांगितलं असतं तरी."

मामींनी माझ्याकडे बघितलं. "तसंबी म्हणलं मी. त्या बाई तुमच्यावर नजर ठेवून राहिल्या, सांगून टाका त्याहिला. तर म्हणले, सांगितलं की त्यांना माझी कीव येईल. कीव आली की नजर हटती. मी गेल्यावर त्या काट्याकडं बघणारं तेवढं एकच माणूस हाय." मग म्हणाल्या, "तुमी बोलल्या त्या दिवशी हसत आले घरी. म्हणले, बाईनं आज मला माझ्याच काट्यावर ठेवलं. पण दुसऱ्या दिवसापासून बसायचं सोडलं. मी लई भांडले. म्हणले, आता बसलो तर शेतकऱ्याला वाटंल, पकडून बी हा सुधरला न्हाई. मंग तो कोणच्याच काट्यावर भरवसा ठेवणार न्हाई."

शेजारणीने चहा करून आणला होता. मामींनी त्यातला कप स्वतःच्या हाताने माझ्यापुढे केला. मी तो घेतला, पण तोंडाला लावला नाही. मला, याही वेळी, संशय आला. वाटलं, ही बाई माझं मन राखायला हे सांगते आहे. हसत आले, नजर हटू नये म्हणून बोलले नाहीत, मरणाच्या घरी आलेल्या माणसाचं समाधान करायला असं बोलतात. मामा हसले नसणार. मामांना लागलं असणार.

"तुमी दोरा बांधला व्हता म्हणं पोत्याला," मामी म्हणाल्या. "हिरवा. घरी येऊन सांगत व्हते. म्हणले, दोरा बघून मला हसू आवरंना, पण बाईकडं बघितलंच न्हाई. बराबर शिकल्या म्हणले."

हिरव्या दोऱ्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हमालांना नाही, घरी नाही. ते फक्त मला माहीत होतं आणि ज्याने काट्यावरचं ते पोतं बघितलं त्याला. मी तिथेच रडायला लागले. मामींनी माझ्या हातातला कप धरून ठेवला, सांडू नये म्हणून. मग मी तो प्यायले, सगळा. थंड झाला होता.

हे खरं निघालं म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं असेल, असं कुणाला वाटेल. तसं नाही. ते हसले हे खरं, आणि ते सात दिवस उभे राहिले हेही खरं. मी बोलले नसते तर हंगाम काढून ते नांदेडला गेले असते की नसते, कुणी सांगावं. पण बसले असते, एवढं नक्की. डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगितलं होतं आणि मी त्यांना उठवलं.

आता काट्यावर नवा मापाडी आहे. चांगला माणूस आहे, निदान अजून तरी. सकाळी ताटाखाली हात मी घालते, आणि मामांची दोन लोखंडी वजनं चारही कोपऱ्यांत फिरवून घेते. मामींनी ती मला देऊन टाकली. काट्याजवळ, सावलीत, मी बाजार समितीच्या मागे लागून एक बाक ठेवून घेतला आहे, कुणाच्याही आडतीचा नसलेला. मापाडी त्यावर बसतो, हमाल बसतात, शेतकरी बसतात. माझी नजर असते सगळ्यांवर. पाय बघते, आकडा बघते. आणि कुणी कप घेऊन फार वेळ बसला, तर कपातला चहा कमी होतोय की नाही, तेही बघते.